ऑर्लीन टोलरच्या दोन साक्षी

ऑर्लीन टोलरला कुणी "कशी आहेस?" विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "त्याच्या कृपेने एकदम ठणठणीत." अंगात ताप असो, दाढ ठणकत असो, उत्तर तेच. शाळेच्या स्वयंपाकघरात तिच्याबरोबर राबणारी व्हेल्डा तिला चिडवायची, "अगं, तू मेलीस ना, तरी शवपेटीतून उठून सांगशील, ठणठणीत आहे म्हणून!" ऑर्लीन हसायची आणि कणकेचा गोळा ओट्यावर दणकन आपटायची. तिच्या हातचे पेपरोनी भरलेले पाव खाऊन आमच्या खोऱ्यातली एक अख्खी पिढी मोठी झाली. खाणीत लागलेले मिशाळ बाप्ये रस्त्यात तिला गाठून विचारायचे, "मिसेस टोलर, पाव शुक्रवारीच असतात का अजून?"

ठणठणीत म्हणायची ही नुसती सवय नव्हती. ओढ्याकाठच्या आमच्या चर्चमध्ये शिकवण अशी, की तोंडाने जे बोलाल ते पक्कं होतं. बरेपण देवाकडे मागायचं, आणि मागितल्याबरोबर ते मिळालं म्हणून चारचौघांत उभं राहून साक्ष द्यायची. दुखणं अजून अंगात असलं तरी द्यायची. आभार आधी, बरेपण मागून. आणि "मी आजारी आहे" हे शब्द तोंडातून गेले, तर ते आजारपण आपण होऊन सही करून घेतल्यासारखं. मग ते परत करता येत नाही. बाहेरच्यांना हा वेडेपणा वाटतो. वाटू दे. ज्या गावात डॉक्टर महिन्यातून एकदा यायचा, तिथल्या लोकांनी आणखी कशाच्या जोरावर दिवस काढायचे होते?

ऑर्लीनच्या मनात ही शिकवण खोल रुतली त्याला कारण तिची आई. ऑर्लीन लहान असताना तिचा धाकटा भाऊ डांग्या खोकल्याने पडला. आई कुंपणापाशी शेजारणीला म्हणून गेली, "हा काही राहत नाही गं." पोर त्याच आठवड्यात गेलं. पोर खोकल्याने गेलं हे आपण म्हणू. आईने ते कधी म्हटलं नाही. त्यानंतर तिने जन्मात वाईट शब्द उच्चारला नाही आणि मुलींनाही उच्चारू दिला नाही. "पोट दुखतंय" म्हटलं की तोंडात साबणाची वडी कोंबायची. ऑर्लीन साठीला आली तरी तिला ती चव आठवायची.

तर अशी ही बाई. नवरा डेन्व्हर, शाळेची बस चालवणारा, बोलण्यात कंजूष, मनाने लोण्यासारखा. तीन मुलं, तिन्ही कामाच्या शोधात ओहायोकडे पांगलेली. तिसऱ्या बाळंतपणानंतर ऑर्लीनला लघवीचा त्रास सुरू झाला. शिंकलं की कपडे ओले, हसलं की ओले. घेवड्याचं पातेलं उचलताना तर ती जीव मुठीत धरून उचलायची. व्हेल्डा म्हणाली, "मलाही होतं की. इथल्या अर्ध्या बायकांना होतं. पण आता त्यावर काहीतरी निघालंय म्हणे. दाखव तरी."

तालुक्याच्या इस्पितळातला डॉक्टर तरुण आणि हसतमुख होता. "आत एक छोटीशी जाळी बसवायची," तो म्हणाला, "झोळीसारखी. लघवीच्या पिशवीला टेकू. सकाळी या, दुपारी घरी."

"आणि पुढेमागे काढायची झाली तर?" ऑर्लीनने विचारलं.

"काढायची कशाला? ती तुमच्याबरोबरच जाईल."

तो विनोद होता, म्हणून ती हसली.

पहिले काही महिने खरोखर चांगले गेले. शिंक आली तरी पाय आवळावे लागत नव्हते. मग आत कुठेतरी माशाचा काटा अडकल्यासारखं टोचायला लागलं. बसलं की टोचायचं, उभं राहिलं की ओढायचं. ताप येऊन जायचा. कपड्यांवर डाग पडायचे, पाळी जाऊन वर्ष उलटलेलं असताना. एकदा अंथरुणात डेन्व्हर एकदम "स्स" करून बाजूला झाला. दुसऱ्या दिवशी त्याला ओरखडा दिसला, ब्लेडने काढल्यासारखा. डेन्व्हर पाठीचं निमित्त सांगून बाहेरच्या आरामखुर्चीत झोपायला लागला. लग्नाला पस्तीस वर्षं झालेली दोन माणसं, एकमेकांवर जीव असलेली, आणि मधे एक जाळी. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त संताप येतो तो इथेच.

डॉक्टर आता तितकासा हसतमुख नव्हता. "वयाचं आहे," म्हणाला. "तुम्ही फार विचार करता." आणि कसं वाटतंय विचारल्यावर ऑर्लीन त्यालाही सांगून यायची, एकदम ठणठणीत.

पानगळीच्या दिवसांत चर्चमध्ये रोज प्रार्थनासभा असायच्या. आमचे पाद्री ब्रदर होबर्ट तेव्हा सत्तरीला टेकलेले, आवाज अजून खणखणीत. त्या आठवड्यात एका संध्याकाळी ऑर्लीन पुढे गेली. काय होतंय ते तिने सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. कपाळाला तेल लावून त्यांनी डोक्यावर हात ठेवला, सगळ्या मंडळींनी आपापले हात उचलले, आणि ऑर्लीनच्या अंगातून ऊब उतरत गेली. त्या घटकेला आत काहीच टोचत नव्हतं. खरंच नव्हतं. ती मधल्या वाटेने धावली, नाचली, ओरडून म्हणाली, "येशूने मला बरं केलं! एक दुखणं अंगात राहिलं नाही!" बायका रडल्या, पुरुषांनी टाळ्या पिटल्या. ब्रदर होबर्टच्या मुलीने सगळं फोनवर टिपलं आणि चर्चच्या फेसबुकवर टाकलं. खाली लोकांनी "आमेन" लिहून ठेवलं.

घरी येऊन ऑर्लीन न्हाणीघरात गेली आणि बघते तर कपड्यावर रक्त.

"बरी आहेस ना गं?" डेन्व्हरने दारावर टकटक केली.

"ठणठणीत."

त्यानंतर दोन वर्षं तिने तसंच रेटलं. मग एका दुपारी जेवणाची भांडी घासताना शाळेच्या स्वयंपाकघरातल्या टीव्हीवर जाहिरात लागली. सूट घातलेला एक माणूस विचारत होता: तुमच्या पोटात जाळी बसवली आहे का? तुम्हाला रक्तस्राव होतो का? बसताना दुखतं का? ऑर्लीनच्या हातातला डाव पाण्यात पडला. आपल्याला जे होतं त्याला नाव आहे आणि ते आणखी बायकांना होतं, हे तिला तोवर माहीतच नव्हतं.

व्हेल्डाने तिचा चेहरा पाहिला आणि जे समजायचं ते समजली. तिने ओला हात एप्रनला पुसला आणि टीव्हीवरचा नंबर टिपला. "तू बोलू नकोस," ती म्हणाली. "मी लावते फोन. माझ्या तोंडाला कुठे देवाचं कुलूप आहे!"

वकिलाचं नाव केसिंजर. हमरस्त्यावरच्या फलकावर त्याचा भलामोठा चेहरा होता, प्रत्यक्षात माणूस लहानखुरा आणि घाईतला. पण त्याने एक गोष्ट सांगितली ती ऑर्लीनच्या काळजात जाऊन बसली. पश्चिम किनाऱ्यावर एक सर्जन बाई आहे, ती या जाळ्या काढते. विमावाले त्याचा खर्च देत नाहीत. खटला जिंकला किंवा कंपनी तडजोडीला आली, तर तो खर्च निघेल. ऑर्लीनला कंपनीला धडा शिकवायचा नव्हता, घरही बांधायचं नव्हतं. तिला ती जाळी अंगाबाहेर हवी होती आणि डेन्व्हर आरामखुर्चीतून परत यायला हवा होता. एवढंच.

"मग मला सांगा, काय काय त्रास होतो?" केसिंजरने पेन सरसावलं.

"जाळी टोचते," ऑर्लीन म्हणाली. "जाळीमुळे रक्त येतं."

"म्हणजे तुम्ही आजारी आहात."

"जाळी वाईट आहे. मी ठणठणीत आहे."

केसिंजरने डेन्व्हरकडे पाहिलं. डेन्व्हरने टोपी हातात फिरवली आणि म्हणाला, "लिहा तुम्ही तुमच्या शब्दांत."

खटला दाखल झाला, आणि कंपनी आपल्यावर पाळत ठेवून आहे हे त्यांना पुढे कळलं. आधी शाळेसमोर एक राखाडी गाडी दिसायला लागली. आत बसलेला माणूस कुणाचं पोर न्यायला आलेला नव्हता. ऑर्लीन पिठाची पोती गाडीतून उतरवून घेताना त्याच्या हातात फोन उभा असायचा. व्हेल्डा एकदा झाडू घेऊन त्याच्या अंगावर गेली, "काय रे ए, बायकांचे फोटो काढतोस?" तो काच वर करून निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. मग रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर एक अनोळखी गृहस्थ दिसला. इस्त्रीचा शर्ट, बुटांना चिखल नाही. सगळ्यांशी हसून बोलला, गाणी गायला, दानाच्या ताटात मोठी नोट टाकली. दोन रविवार आला आणि पुन्हा दिसला नाही. आमच्याकडे चर्चला नवा माणूस आला की बायका त्याला जेवायला नेतात. त्यालाही नेलं होतं. त्याने मक्याचा ब्रेड दोनदा मागून घेतला आणि विचारलं, इथे कुणाला बरेपण मिळालंय का?

ऑर्लीनची झोप उडाली ती तेव्हापासून.

एका दुपारी ब्रदर होबर्ट घरी आले. कॉफी घेतली, हवापाण्याचं बोलले, आणि मग म्हणाले, "सिस्टर ऑर्लीन, माझ्याकडे एक माणूस आला होता. कंपनीच्या वकिलांकडचा. त्या सभेबद्दल विचारत होता."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"जे डोळ्यांनी पाहिलं ते. मी या वयात खोटं बोलायचा नाही. म्हटलं, देवाने तिला बरं केलं." त्यांनी कप खाली ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. ऑर्लीनच्या आईला शेवटच्या दिवसांत त्यांनी स्वतःच्या हाताने भरवलं होतं. "केलं ना, पोरी?"

डेन्व्हर दारात उभा होता. ऑर्लीनने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"केलं," ती म्हणाली.

ब्रदर होबर्ट समाधानाने उठले. त्यांची गाडी वळणाआड गेल्यावर डेन्व्हर म्हणाला, "आता कंपनीचे वकील हेच जबानीत वाचून दाखवणार."

"मग मी काय म्हणायला हवं होतं? त्यांच्या तोंडावर, आपल्याच घरात?"

डेन्व्हरने ब्रदर होबर्टचा कप उचलून मोरीत नेऊन ठेवला.

खटल्याआधीची शपथेवरची जबानी राज्याच्या राजधानीतल्या एका हॉटेलच्या खोलीत होती. लांबलचक टेबल, मधे पाण्याचे जग, एका टोकाला टाइप करून घेणारी मुलगी. जबानी देणाऱ्याखेरीज घरच्या कुणी बसू नये असं ठरलं होतं, म्हणून डेन्व्हर बाहेरच्या सोफ्यावर टोपी मांडीवर ठेवून बसला. ऑर्लीनला वाटलं होतं, कंपनीचा वकील म्हणजे कुणीतरी डोळे वटारणारा पुरुष असेल. होती ती तिच्याच वयाची बाई, मिसेस हॉलिस. आवाज मऊ, केस पांढरे, गळ्यात छोटासा क्रूस. ऑर्लीन खुर्चीत अवघडून बसलेली पाहून तिने स्वतः उठून मऊ उशी आणून दिली. कुठे दुखतं हे या बाईला बरोब्बर ठाऊक होतं.

सकाळभर मुलांची चौकशी झाली, बाळंतपणांची झाली, पावांची सुद्धा झाली. ऑर्लीन जरा सैलावली. केसिंजरने तिला आधी बजावून ठेवलं होतं, "तुम्ही फक्त म्हणायचं, मला अजून त्रास आहे. तेवढं एक वाक्य. बाकी मी बघतो." ते वाक्य घरून निघाल्यापासून तिच्या जिभेवर होतं आणि बाहेर यायला तयार नव्हतं.

जेवणानंतर मिसेस हॉलिसने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. पडद्यावर ऑर्लीन मधल्या वाटेने धावत होती. येशूने मला बरं केलं! एक दुखणं अंगात राहिलं नाही!

"या तुम्हीच ना?"

"हो."

"देवासमोर बोलताय."

"हो."

"मग हे खरं होतं की खोटं?"

केसिंजर मधे पडला, हरकत घेतली, त्याची हरकत टाइप झाली आणि प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

"आमच्यात आधी आभार मानतात," ऑर्लीन म्हणाली. "बरेपण मागून येतं."

"समजतं मला. मीही प्रार्थना करते, मिसेस टोलर." आणि तिच्या आवाजावरून ते खोटं वाटत नव्हतं. "मग आलं का?"

"जाळी टोचते."

"जाळीचं नाही विचारत मी. तुमचं विचारतेय. तुमच्या पाद्रीसाहेबांनी शपथेवर सांगितलंय, तुम्ही बऱ्या झालात. तुम्हीही त्यांना अलीकडेच, तुमच्या घरी, तसंच सांगितलंत. बरोबर?"

"हो."

"तुमच्या चर्चची शिकवण मी वाचली आहे. नाही म्हणणं तुम्हाला किती जड जाईल, हे मला कळतं. कुणी तुमच्यावर जबरदस्ती करणार नाही." मिसेस हॉलिस थोडी पुढे झुकली. "तुम्ही बऱ्या झालात, एवढं म्हणा. आपण सगळे आत्ता घरी जाऊ."

ऑर्लीनला तोंडात साबणाची चव आली. बरी झाले म्हटलं तर जाळी आत राहणार. नाही म्हटलं तरी, तिच्या हिशेबाने, जाळी आतच राहणार. फक्त त्या वेळी ती तिने स्वतः मागून घेतलेली असणार. तिने डोळे मिटले. मग तिला बाहेर सोफ्यावर बसलेला डेन्व्हर आठवला, आणि आरामखुर्चीत अवघडून झोपणारा डेन्व्हर.

"नाही," ती पुटपुटली. "मी बरी झाले नाही."

टाइप करणाऱ्या मुलीने मान वर केली. "माफ करा हं. मला नीट ऐकू आलं नाही. जरा मोठ्याने सांगाल? नोंद व्हायला हवी."

ऑर्लीनने तिच्याकडे पाहिलं. पोरगी विशीची असेल, चेहऱ्यावर नुसती अजिजी. तिचा काही दोष नव्हता.

"मी बरी झाले नाही," ऑर्लीन मोठ्याने म्हणाली, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

बाहेर आल्यावर केसिंजर भलताच खूश होता. "कमाल केलीत! त्या बाईचा डाव तिच्यावरच उलटला." परतीच्या वाटेवर ऑर्लीनने डेन्व्हरला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि रस्त्याकडेच्या गवतात तिला भडभडून उलटी झाली.

कंपनीने पुढच्या वर्षी तडजोड केली, हजारो बायकांबरोबर एकगठ्ठा. कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं की कंपनी कोणताही दोष मान्य करत नाही. केसिंजरचा वाटा वजा जाऊन जे उरलं त्यात विमानाची तिकिटं आणि शस्त्रक्रिया बसली. चर्चमध्ये कुणी तिला टाकून बोललं नाही. बायकांनी निघायच्या आधी डबे आणून दिले, तिच्या गळ्यात पडल्या. पण ब्रदर होबर्टनी रविवारी साक्षीसाठी नावं पुकारली तेव्हा तिचं नाव गाळलं, आणि प्रवचनात ते म्हणाले, की संशय धरला तर दिलेलं बरेपणही परत जातं. कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. सगळ्यांच्या माना खाली होत्या. व्हेल्डा, जी नाताळ सोडून कधी चर्चला जायची नाही, ती हे कानावर येताच ऑर्लीनच्या दारात येऊन म्हणाली, "त्या म्हाताऱ्याच्या पोटात बसवा एक जाळी, मग बघू."

पश्चिमेकडची सर्जन बाई चांगली होती. खुर्ची ओढून पलंगाशी बसली, घाई केली नाही. जाळी मांसात मुरली होती, ती म्हणाली. तुकड्यातुकड्यांनी जेवढी निघाली तेवढी काढली. उरलेली पायाकडे जाणाऱ्या शिरांना आणि नसांना इतकी चिकटली आहे की तिला हात लावला तर पाय जाईल. दुखणं थोडं कमी होईल, बहुतेक. पण तेवढी आता आतच राहणार.

सर्जन बाई गेल्यावर डेन्व्हर खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. लग्नापासून ऑर्लीनने त्याला कुणाला शिवी देताना ऐकलं नव्हतं, ते त्या दिवशी ऐकलं. त्या तरुण डॉक्टरला दिली, कंपनीला दिली, मिसेस हॉलिसला तिच्या उशीसकट दिली. "त्यांनी केलं हे सगळं," तो म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता. "त्यांनी तुझं वाटोळं केलं आणि वर म्हणतात, आमचा दोष नाही."

"त्यांचा नाहीच," ऑर्लीन म्हणाली. ती छताकडे बघत होती. "मी तोंडाने म्हटलं ना, डेन्व्हर. एकदा म्हटलं असतं तर कदाचित निभावलं असतं. मी दोनदा म्हटलं."

डेन्व्हर गर्रकन वळला. असं काही नसतं गं, एवढंच त्याला म्हणायचं होतं. तो पलंगापाशी आला, तिचा हात त्याने दोन्ही हातांत घेतला, तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिला. त्याच चर्चमध्ये तोही लहानाचा मोठा झाला होता.